एकशे दहाचा भाव

“दोनशे साठ!” मालननं टमाट्याच्या कॅरेटवर थाप मारली.

“तीनशे,” माणिकराव तिच्याकडे न बघताच म्हणाला. त्याच्या मागचे तिघे व्यापारी गप्प राहिले आणि माल त्याचा झाला.

आदिलाबादच्या भाजी मार्केटात हे चौघे एकमेकांवर कधीच बोली चढवत नसत. कुणी काय घ्यायचं हे आधीच ठरलेलं, आणि शेतकऱ्याच्या हातावर कॅरेटमागे शंभर-सव्वाशे टेकवले की झालं. मग मालनच्या दलित बायांच्या गटाला खरेदीचा परवाना मिळाला आणि यांच्या पोटात दुखायला लागलं. तेव्हापासून तिला माल मिळू नये म्हणून ते तोटा सोसून तिच्या बोलीवर बोली चढवत होते. गटाच्या हातगाड्या रिकाम्या उभ्या राहत. तिनं तक्रार केली, तर मार्केटचे साहेब म्हणाले, संगनमतानं भाव पाडला तर कायदा आहे. इथं तर भाव चढलाय, तक्रार कसली? असला कायदा काय चुलीत घालायचाय, असं मालनला झालं.

टमाटे मालनच्याच गावच्या, तामसीच्या धोंडीबाचे होते. तो हसत हसत तिच्याजवळ आला.

“मालन, तुह्यामुळं भाव भेटून राह्यला बघ.”

“मंग उद्या चार कॅरेट मले द्या ना दादा, याच भावात. बाया रिकाम्या बसून राह्यल्या.”

धोंडीबानं आवाज खाली केला. “तुले माल देला तं हे चौघं माह्या मालाले हात लावनार नाई. तू असं कर, रोज येत जाय. घेऊ नोको. नुसती बोली बोल.”

मालनच्या अंगाची लाही लाही झाली. व्यापारी तर वैरीच होते. पण हा तिच्या गावचा माणूस तिला बुजगावण्यासारखी उभी करू पाहत होता.

दुसऱ्या दिवशी धोंडीबाचा माल पुकारला गेला.

“एकशे दहा,” माणिकराव म्हणाला.

मालन हाताची घडी घालून उभी राहिली.

“बोल ना वो मालन!” धोंडीबा कळवळला. “काऊन गप हायस?”

एकशे दहाला माल गेला. धोंडीबा मटकन खाली बसला, आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात माणिकराव समोर आला. इतके दिवस ‘ए’ म्हणून हाक मारणारा हा माणूस स्वतःच्या हातानं चहाचा पेला पुढे करत होता.

“घ्या मालनबाई. आज कसं शहान्यासारखं केलं! उद्यापासून थोडा माल तुमालेबी सोडू. आमच्यात बसत जा आता.”

पेला तिच्या हातात आला. पलीकडे गटातल्या बाया रिकाम्या गाड्यांना टेकून उभ्या होत्या. थोडा माल म्हणजे त्यांची चूल पेटली असती.

पुढचा ढीग तलमडुगू गावच्या एका म्हातारीच्या वांग्यांचा होता.

“साठ,” माणिकराव म्हणाला आणि ओळखीचं हसून मालनकडे बघू लागला.

ते हसू तिला चपराकीसारखं बसलं. तिनं चहा जमिनीवर ओतला.

“दीडशे!”

आवाज फाटला तिचा. धोंडीबानं मान वर केली. मालननं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.