हिऱ्याचा डावा कान

"डावा," छगन म्हणाला. "डावा कान. निम्माच. बाकीचा लांडग्यानं खाल्लेला."

"आन भटजीच्या पानातला लाडू बी त्यानंच खाल्ला," भिमाजी म्हणाला.

"लांडग्यानं न्हाई. हिऱ्यानं."

"शिनुमात."

"शिनुमात."

भिमाजीनं भोवती बसलेल्या कुंभारांवरून नजर फिरवली आणि एक डोळा बारीक केला. हशा पिकला. मढीच्या डोंगराच्या पायथ्याला, कानिफनाथाच्या यात्रेत, शेकड्यांनी गाढवं विकायला उभी होती, त्यातली दोन-चारही ओरडली. ती छगनच्या बाजूनं ओरडली की भिमाजीच्या, ते कळायला मार्ग नव्हता.

गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. छगन तेव्हा आपल्या गाढवावर, हिऱ्यावर, मडकी लादून नगरच्या बाजाराला निघाला होता. चांदबिबीच्या महालाखाली सिनेमावाली मंडळी उतरली होती. तंबू, पेट्या, तोंडाला पांढरी पूड फासलेली माणसं. त्यांनी आणलेलं गाढव ऊन लागून बसलं होतं ते उठेना. मग हिऱ्याला दोन दिवस ठेवून घेतलं. लग्नाची पंगत बसलेली, नवरदेवाचा बावळट नोकर गाढवावर बसून येतो, एवढंच काम. पण हिऱ्यानं कुणी न सांगता भटजीच्या पानात तोंड घातलं आणि लाडू उचलला. चित्र घेणाऱ्या पेटीचा दांडा फिरवणारा माणूस हसून हसून खाली बसला, पण त्यानं दांडा काही सोडला नाही.

हे छगन घरी येऊन सांगायला लागला ते आजतागायत. लग्नात सांगितलं, मयतीला सांगितलं, मडकी भाजताना आव्याशी बसून सांगितलं. पहिल्या वर्षी लोकांनी ऐकलं, दुसऱ्या वर्षी हसले, तिसऱ्या वर्षापासून त्याचं नावच 'शिनुमा' पडलं. मग तो खरं बोलला तरी लोक म्हणायचे, शिनुमा बोलतोय. गावात कुणाच्या भांडणात साक्षीला म्हणून त्याला कुणी बोलवेना. हिऱ्या पाच वर्षांपूर्वी म्हातारा होऊन मेला. त्याचा नातू आता छगनची मडकी वाहत होता, दोन्ही कान शाबूत असलेला.

त्या फेरीत घरातली एक वाकळही गेली होती. गोजरबाईनं, छगनच्या बायकोनं, लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली. हिऱ्याच्या पाठीवर घातली होती, ती सिनेमावाल्यांनी 'उद्या लागेल' म्हणून ठेवून घेतली, असं छगन सांगायचा. भिंगारच्या गुत्त्यात गेली, असं गोजरबाई सांगायची. गोजरबाईवर गावाचा विश्वास जास्त होता.

आणि आज पोरीची सोयरीक या गोष्टीला येऊन अडकली होती.

"पाव्हणं," तिसगावचा भिमाजी म्हणाला. त्याच्या पोरासाठी छगनच्या बनुला बघून झालं होतं, पसंतही पडली होती. "पोरगी झ्याक हाय. पर आपला धंदा सगळा शब्दावर. मडक्याला टिचकी मारली का कळतं पक्कं का कच्चं. मानसाला कुठं मारायची टिचकी? तुमी एक करा. ह्या सगळ्यांम्होरं म्हना का पंधरा वर्सं थाप मारली. येकदा म्हना, आन मोकळं व्हा. मी लगेच कुकू लावतो पोरीला."

फार काही मागत नव्हता तो. छगनच्या जागी दुसरा कुणी असता तर मान खाली घालून म्हणून टाकलं असतं. कालपर्यंत छगननंही कदाचित म्हटलं असतं.

पण आज सकाळी तो नेहमीप्रमाणे सिनेमाच्या तंबूकडे गेला होता. दर वर्षी जायचा. तंबूत मशीन फिरवणारा राहुरीकडचा कृपादान, ज्याला सगळे मास्तर म्हणत, त्याला दर वर्षी एकच विचारायचा, "मास्तर, गाढाव हाय का औंदाच्या खेळात?" आणि मास्तर दर वर्षी म्हणायचा, "न्हाई छगनभाऊ. गानी हायेत, ढीगभर."

औंदा मात्र लढाईमुळं नवी बोलती चित्रं मिळेनात, म्हणून तंबूच्या मालकानं पेटीच्या तळातून एक जुनं मुकं चित्र काढलं होतं. नावाची पट्टी कधीच फाटून गेलेली. त्यामुळं मालक दर गावात त्याला नवं नाव द्यायचा. देवाच्या जत्रेत ते चमत्काराचं व्हायचं, बाजारच्या गावात दरोडेखोराचं.

"गाढाव?" मास्तर सकाळी म्हणाला होता. "हाय की. तिसऱ्या रिळात. भटजीच्या पानातला लाडू खातंय."

छगन तिथंच खाली बसला होता. मास्तरनं त्याला पाणी पाजलं.

म्हणून आता छगननं डोक्याचं मुंडासं काढलं, मांडीवर ठेवलं आणि शांतपणे भिमाजीला म्हणाला, "नाना, दुपारच्या खेळाला चला. समदे चला. डावा कान तुटका दिसला तर हितंच कुकू लावायचं. न्हाई दिसला, तर पंचांम्होरं नाक घासतो, आन सोयरीक मोडली म्हना."

मागं बायकांत बसलेल्या गोजरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "अवं," ती म्हणाली, "नाक तुमचं हाय, घासा. पोरगी माजी हाय."

"तुजी हाय म्हनूनच. थापाड्याची लेक म्हनून न्हाई धाडायची तिला," छगन म्हणाला.

दुपारच्या खेळासाठी तंबूवर घोंगड्या टाकून अंधार केलेला असायचा. आत उकडायचं इतकं की पंधरा मिनिटं बसलेला माणूस अर्धा भाजून निघे. त्या दिवशी निम्मा तंबू कुंभारांनी भरला. दोरीच्या अलीकडं गडी, पलीकडं बाया. पेटीवाला बाजाची पेटी बडवत होता. मास्तर एका हातानं मशीनचा दांडा फिरवत होता आणि तोंडानं गोष्ट सांगत होता. पडद्यावर मधूनच अक्षरं यायची. तंबूत वाचता येणारा एकटा मास्तर, आणि त्याला सगळं पाठ असल्यामुळं तो पडद्याकडं बघायचाच नाही.

पहिलं रीळ गेलं. दुसरं गेलं. छगनच्या हातातला रेवड्यांचा पुडा घामानं भिजला.

तिसऱ्यात मांडव आला. पंगत आली. बावळट नोकर आला, आणि त्याच्या खाली, डुलत डुलत, मान किंचित वाकडी करून, हिऱ्या आला.

छगनच्या तोंडातून आवाज निघाला. रोज पहाटे हिऱ्याला उठवायला काढायचा तोच, जीभ टाळूला लावून. पाच वर्षांत काढला नव्हता. हिऱ्या सरळ पुढं आला, भटजीच्या पानापाशी थांबला, तोंड घातलं, लाडू उचलला. सगळा तंबू हसला. मग त्यानं मान वर केली आणि कान दिसले.

डावा कान अख्खा होता. उजवा निम्मा.

"उजवा हाय," कुणीतरी म्हणालं.

"उजवाच की रं."

"दुसऱ्याच कुनाचं गाढाव."

हसण्याची लाट उठली ती मागच्या घोंगडीपर्यंत जाऊन परत आली. भिमाजी हसला नाही. त्यानं छगनच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "चला, पाव्हणं," तो हळूच म्हणाला. "व्हतं असं. म्हातारपनी डावं-उजवं इसरतं मानूस."

हिऱ्याचा कान त्यानं स्वतःच्या हातानं हळद भरून बरा केला होता. डावा. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आपणच तर थापा मारत नव्हतो ना? आपण इतक्यांदा सांगितलं की आपल्यालाच खरं वाटायला लागलं?

तो पडद्याकडं बघत राहिला. गाढव गेलं होतं. पंगत जेवत होती. पाहुणे भराभरा घास घेत होते. छगन त्यांचे हात बघत होता आणि त्याच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं, मातीत खडा राहिल्यावर बोटाला टोचतो तसं.

"नाना," तो म्हणाला. "बसा जरा."

"आता काय ऱ्हायलंय?"

"ते कंच्या हातानं जेवत्यात?"

भिमाजीनं पाहिलं. शेजारच्यानं पाहिलं. एकेक करून सगळ्यांनी पाहिलं, आणि हसणं विरत विरत गेलं. वऱ्हाडातली झाडून सगळी माणसं, नवरदेवासकट, डाव्या हातानं जेवत होती.

"मुंबईची मानसं," एकजण म्हणाला. "त्येंचा काय नेम."

"बरं. मुंबईची," छगन म्हणाला. आता त्याच्या आवाजाला धार चढत होती. "पर त्यो भटजी बघा. जानवं कुठल्या खांद्यावर हाय?"

जानवं उजव्या खांद्यावर होतं.

"दहाव्याची मडकी मी न्हेतो नदीला. ईस वर्सं बघतोय. पिंड द्यायच्या टायमाला जानवं उजव्या खांद्यावर घेत्यात. लगनात न्हाई. ह्यो भटजी लगीन लावतोय का नवरदेवाला पोचवतोय?"

तंबू गडबडला. पेटीवाल्याची बोटं थांबली. "मास्तर," छगननं मागं वळून हाक दिली, "थांबवा वाईच."

"थांबवलं तर दिव्यानं जळतंय," मास्तर म्हणाला. "रीळ सपू द्या. काय झालं?"

"तुमी वर बघा की."

पडद्यावर अक्षरं आली होती. मास्तरनं बऱ्याच वर्षांनी वर बघितलं. दांडा फिरवता फिरवताच त्यानं मान एकीकडं कलती केली, मग दुसरीकडं, आणि मग जीभ चावली. रीळ संपलं. त्यानं कंदील मोठा केला.

"मंडळी," तो म्हणाला, "काल करंजी गावच्या खेळाला हे रीळ मधीच तुटलं. मी चिकटवलं, आन गुंडाळताना उलट्या अंगानं गुंडाळलं. डावं ते उजवं झालंय. उजवं ते डावं. अक्षरं सुदिक उलटी दिसत्यात."

"मंग बोलला न्हाईत ते?" भिमाजी म्हणाला.

"नाना, ह्या तंबूत अक्षरं बघतंय कोन? तुमी बघता का?"



मास्तरनं रीळ काढलं, दुसऱ्या चाकावर सुलट्या अंगानं गुंडाळायला घेतलं. मालक 'पुढचं लावा, पुढचं लावा' म्हणत आत आला, आणि तंबूतली तोंडं बघून तसाच बाहेर गेला.

पुन्हा मांडव आला. पंगत बसली, उजव्या हातानं जेवायला लागली. भटजीचं जानवं डाव्या खांद्यावर होतं. बावळट नोकर दुसऱ्या बाजूनं आला. हिऱ्या डुलत आला, तोंड घातलं, लाडू उचलला, मान वर केली.

डावा कान निम्मा होता. बाकीचा लांडग्यानं खाल्लेला.

तंबू फाटला नाही एवढंच. कुंभार उठले, बाकं पडली, कुणी छगनला उचललं, कुणी मुंडासं हवेत फेकलं, कुणी रेवड्या उधळल्या. त्या पेटीत गेल्या, मशीनवर पडल्या, मास्तरच्या केसांत अडकल्या. "शिनुमा," लोक ओरडत होते, "शिनुमा," आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा छगनला ते नाव आपलं वाटलं. कुणीतरी पळत जाऊन हिऱ्याच्या नातवाला ओढत तंबूच्या दारात आणलं. त्यानं आतला गोंधळ बघितला आणि तिथंच लीद टाकली.

भिमाजी गर्दीतून वाट काढत आला. छगनला खाली उतरवलं. मग सगळ्यांच्या देखत त्यानं बोट वाकवलं आणि छगनच्या छातीवर टिचकी मारली, मडक्याला मारतात तशी. कान लावून ऐकल्यासारखं केलं.

"पक्कं भाजलंय," तो म्हणाला. "बनुला हाका मारा. कुकू कुठाय?"

कुंकू लावून झालं. पंच बाहेर जाऊन विडे खायला बसले. मालकाचा पुढचा खेळ लवकरच भरायला लागला, कारण लाडू खाणारं गाढव बघायला आता सगळी यात्रा येत होती. मालकानं खेळाचं नावही बदललं होतं. बाहेर त्याचा माणूस डफ वाजवून ओरडत होता, मढीचं गाढव, मढीचं गाढव.

तेवढ्यात गोजरबाई मास्तरपुढं जाऊन उभी राहिली.

"मास्तर, ते गाढावाचं येकदा दावता का? गर्दी यायच्या आत."

मास्तरनं छगनकडं बघितलं, आणि रीळ चढवलं. रिकाम्या तंबूत दोघं नवरा-बायको पुढं उभे राहिले. हिऱ्या आला. गोजरबाई त्याच्या कानाकडं बघत नव्हती. ती त्याच्या पाठीकडं बघत होती. नोकराच्या मांडीखाली एक वाकळ होती. कोपऱ्यात तिकोनी ठिगळ, त्याच्या भोवती दुहेरी टाका.

"माज्या लगनातल्या लुगड्याचं हाय ते," ती म्हणाली. "कोपऱ्याचं."

हिऱ्यानं लाडू खाल्ला, मान वर केली आणि पडदा पांढरा झाला.

"म्हंजी तवा गुत्त्यात न्हवती गेली."

"न्हाई म्हनलो हुतो," छगन म्हणाला.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. परतीची तयारी झाली. बनुला सासरी द्यायला म्हणून शिवलेली नवी वाकळ गोजरबाईनं यात्रेत मिरवायला आणली होती. ती तिनं गाठोड्यातून काढली, झटकली आणि हिऱ्याच्या नातवाच्या पाठीवर नीट चारी बाजूंनी पसरली.

"अगं, नवी हाय ती," छगन म्हणाला.

"असू द्या," गोजरबाई म्हणाली. "वाटंत कुनी ह्याला शिनुमाला बलावलं, तर काय उघड्या पाठीनं जायाचा?"