जमुनाची शुगर

जमुनाला शुगर आहे, हे राजापेठेतल्या त्या मेसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तिला शुगर नव्हतीच.

पण खरं सांगणार तरी कसं? शुगर म्हटलं की लोक म्हणतात, घरोघरी आहे बाई. मनाच्या डॉक्टरची गोळी म्हटली की झालं, वेडी म्हणून मोकळे! आणि मेसवाल्या सत्यवतीबाई तर अशा, की क्लासच्या पोरांच्या भातात खडा निघाला तरी दोन दिवस धुसफूस. त्यांनी असल्या बाईला गॅसपाशी उभं केलं असतं होय? म्हणून जमुनाने शुगर सांगितली. आठ महिने बिनसाखरेचा चहा घशाखाली ढकलला आणि दुपारी सगळ्यांदेखत गोळी घेतली.

ही नोकरी तिला जिवापाड हवी होती. हातपाय धड, ताप नाही, खोकला नाही, तरी सकाळी तिला उठवत नसे. रडूही येत नसे, ते तर आणखी वाईट. पण सहाला कणीक भिजवायची आहे, या एका धाकावर ती उठायची. पोळ्या लाटता लाटता अकराच्या सुमारास जरा माणसात यायची.

सोबत लाटणाऱ्या पंचफुलाला मात्र खरीच शुगर. तिच्या गोळ्या संपल्या होत्या, आणायचा कंटाळा, आणि जमुनाची पिशवी समोर खुंटीला. शुगरची गोळी ती शुगरची गोळी, तुझी काय नि माझी काय! आपल्याकडे बाया हळदीकुंकू वाटावं तशा गोळ्या वाटतात. परवा सकाळी तिने न विचारता घेतल्या, त्याही दोन, कारण आदल्या दिवशी लग्नात बुंदी हाणली होती.

तासाभरात पंचफुला परातीवर झुकली. जीभ जड, डोळे मिटलेले.

"जमुनाच्या गोळ्या घेतल्या मी," एवढं कसंबसं बोलली.

"शुगर वाढली तिची," सत्यवतीबाई म्हणाल्या. "जमुने, पाहून काय राहिली? अजून एक दे तिले."

जमुनाने पिशवी छातीशी धरली. गोळ्या संपल्या, असं म्हणता आलं असतं. तेही मनात आलं तिच्या, येणारच. पण पंचफुला आता हाकेला ओ देत नव्हती.

"बाई, शुगरच्या नाईत त्या," ती म्हणाली. "मनाच्या डॉक्टरच्या हायेत. माहा जीव कशातच लागत नाई. हे पाकीट दाखवा अन् दवाखान्यात न्या तिले, लवकर."

पंचफुला वाचली. संध्याकाळी उठून बसली.

दुसऱ्या दिवशी सहाला जमुना गेली, तर पंचफुलाची जागा मोकळी होती आणि जमुनाच्या पोळपाटापाशी दुसरीच बाई बसली होती. सत्यवतीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आजारी लेकराशी बोलावं तसं बोलल्या.

"तू आता घरी आराम कर. मस्त झोप काढ."

"झोपच नको मले, बाई. घरी बसली त मी उठणारच नाई. भांडे द्या घासायले, पगार कमी करा."

"अवं, पोरं जेवतात इथं," बाई हळूच म्हणाल्या आणि दंडाला धरून तिला दारापर्यंत पोचवून आल्या.

तेव्हा साडेसहाही वाजले नव्हते. जमुना घरी गेली आणि लुगडं न बदलता अंथरुणावर आडवी झाली.