भिंतीकडे तोंड

त्यांच्या घरात एक कायदा होता आणि तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरला होता: ज्या चित्राचं तोंड भिंतीकडे, ते तिचं.

नवऱ्याचं चित्र फसलं की तो ते उलटं करून भिंतीला टेकवायचा. त्या दिवशी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. राग ओसरला की ती ते कापड चौकटीवरून सोडवायची, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायची आणि त्यांना पीळ देऊन आपल्या मागावर सुताबरोबर विणून टाकायची. तो पातळ रंगात काम करी, त्यामुळे पट्ट्या मऊ राहत. "माझ्या चुकांवर तुझा संसार चालतो," तो म्हणायचा. "मग जरा जास्त चुका कर," ती म्हणायची.

दोघांचं मिळून हे पहिलंच प्रदर्शन. एका भिंतीवर त्याची चित्रं, समोरच्या भिंतीवर तिची विणकामं. उद्घाटन संध्याकाळी होतं, आणि दुपार कलली तरी त्याच्या भिंतीवर मधोमध एक खिळा रिकामाच होता.

तो खिळा भिंगरीच्या चित्रासाठी होता. भिंगरी म्हणजे त्यांची लेक. नाव ठेवलं होतं वेगळंच, पण पोरगी पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली होती. ती एका जागी राहायची ती फक्त दुपारच्या झोपेत. ती झोपली की आई मागावर बसे आणि बाप तिच्या उशाशी. तान्हेपणापासून अशा तुकड्या-तुकड्यांच्या वेळात त्याने तिला रंगवलं होतं: पालथी झोपलेली, मूठ गालाखाली, पांघरुणाबाहेर डोकावणारी टाच. "हे एक मला जमलं," तो म्हणाला होता. दुसऱ्या कुठल्याच चित्राबद्दल तो असं म्हणाला नव्हता.

ते चित्र हरवलं होतं. 'हरवलं' हा त्याचा शब्द. ते कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या भिंतीवर, तिच्या सगळ्यात मोठ्या विणकामात, खालच्या वीतभर भागात.

उलटं तिनेच ठेवलं होतं ते. भिंगरी जामाने माखलेले हात घेऊन दुडूदुडू चित्राकडे निघाली होती, म्हणून घाईघाईने फिरवलं, आणि मग पोरीचे हात धुण्यात विसरली. पुढे मागावर शेवटची वीत उरली, हवा तो रंग काही केल्या सापडेना, तेव्हा भिंतीकडे तोंड केलेलं कापड तिने नेहमीच्या सवयीने उचललं. मागून सगळी चित्रं सारखीच दिसतात. पहिली पट्टी कापली, उलटून पाहिली, आणि त्या पट्टीवर टाच होती.

तिथे थांबता आलं असतं. कडेचीच पट्टी होती. त्याने मागून कापड लावून ती सांधली असती, चार दिवस फुगून बसला असता, झालं. पण तिने ती पट्टी, नुसती बघायला म्हणून, विणीवर धरली. कोवळ्या कातडीचा तो फिका, मातकट गुलाबी रंग विणीत असा काही मिसळला की दुसरा कुठलाच रंग तिथे चालला नसता. नंतर कात्री कधी उचलली ते आठवत नाही, असं ती स्वतःला सांगायची. आठवत होतं. चांगलं आठवत होतं.

सांगणारच होती. पण त्याआधीच नवऱ्याने ठरवून टाकलं की चित्र बाकीच्यांबरोबर फ्रेमवाल्याकडे गेलं आणि तिथेच गहाळ झालं. मग फोन, मग वादावादी. आणि ती भिंगरीला भरवत शेजारच्या खोलीत बसून ऐकत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

आता तोच संन्यासी प्रदर्शनाच्या हॉलच्या दारात उभा होता. काखेत एक रिकामी लाकडी फ्रेम.

"चित्रकार, ही तुमच्या त्या चित्राच्या मापाची," फ्रेमवाले काका म्हणाले. "माप तुम्ही फोनवर दिलंत. चित्र मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, हे शेवटचं सांगतो. सापडलं तर यात बसवा. नाही सापडलं तर माझा फोटो लावा, आणि खाली लिहा, चोर."

"काका, मी चोर म्हटलं नव्हतं." नवरा शिडीवरून बोलला.

"'म्हातारे झालात' म्हणालात. त्यापेक्षा चोर परवडला." त्यांनी फ्रेम भिंतीला टेकवली. "काय सूनबाई, बाळ कुठाय?"

"आजीकडे ठेवलंय."

"बरं केलंत. नाहीतर हरवली तर तिलाही माझ्याच दुकानात शोधतील!" स्वतःच्या विनोदावर ते हसले आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले. काचा स्वच्छच होत्या.

"काकांकडे गेलंच नव्हतं ते," ती म्हणाली. "मी कापलं. त्यात आहे." तिने आपल्या विणकामाकडे हात केला.

नवरा शिडीवरून उतरला. आधी काकांकडे गेला, त्यांचे दोन्ही हात धरले. "चुकलो, काका."

काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "मी चहाचं बघतो," ते म्हणाले. "सावकाश बघतो."

ते गेल्यावर तो म्हणाला, "मी उलटं ठेवलं नव्हतं."

"मी ठेवलं. तिचे हात बरबटले होते म्हणून. मग विसरलेच."

"अगं, मग..." त्याचा चेहरा सैल पडला. "म्हणजे सगळं कापून झाल्यावर कळलं तुला?"

तोच वाट काढून देत होता. नुसती मान हलवायची होती.

"नाही," ती म्हणाली. "पहिल्याच पट्टीला."

"मग?"

"रंग हवा होता."

तो तिच्या भिंतीपाशी जाऊन उकिडवा बसला. "टाच कुठाय?"

तिने त्याचं बोट धरून विणीवर टेकवलं. "इथे."

"मूठ?"

"ही. आणि हा गाल."

"केस?"

"काळे होते. मला नको होते. पिशवीत आहेत."

"दे."

तिने सुताच्या पिशवीतून ती काळी पट्टी काढून दिली. त्याने ती बोटाभोवती गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "हे माझं," तो म्हणाला.

"उसवू का मी? अजून वेळ आहे."

"उसवून काय टाच परत पायाला लागणार आहे?" तो उठला. विणीकडे बघत, दात आवळून म्हणाला, "आणि वर ते चांगलं झालंय."

त्याने पक्कड घेऊन रिकामा खिळा उपटला. काकांची फ्रेम उचलली, हॉल ओलांडून आला, तिच्या विणकामाखाली ती जमिनीवर ठेवली, आणि फिरवून तोंड भिंतीकडे केलं. मग हात झटकून शिडी आवरायला गेला.

दारातून काका चहा घेऊन येत होते. ती त्या फ्रेमसमोरून हलली नाही. घरचा कायदा तिला पाठ होता.