बंद झाकणाची साक्ष

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. सुरुवातीलाच सांगून टाकते, मित्रांनो, मला रडगाणे गायचे नाही. माझ्या जातीच्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की तिसऱ्या वाक्याला डोळे पुसतात. मी पुसणार नाही. माझ्यावर अन्याय झाला, तो कोणी केला तेही मला ठाऊक आहे आणि त्या माणसासमोर मी ताठ उभी राहिलेली आहे.

माझा जन्म एका हॉस्पिटलच्या सुतारखान्यात झाला. नव्या दारांच्या चौकटी करून उरलेले लाकूड कोपऱ्यात पडले होते. कर्मचाऱ्यांना शिकवणाऱ्या बाईंनी ते पाहिले आणि सुताराच्या मागे लागल्या. आत तीन कप्पे झाले. डावीकडे लाल रंगाचे छोटे तुकडे, शब्दाच्या पुढे लागणारे: अप, गैर, बे, निर्. मधल्या कप्प्यात मूळ शब्द, बिनरंगाचे आणि सगळ्यांत मोठे. उजवीकडे हिरवे तुकडे, शब्दाच्या मागे लागणारे: दार, आळू, पणा, वान. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन आडव्या खाचा. वरच्या खाचेत प्रश्नातली जोडी लावायची, खालच्या खाचेत आपली जुळवायची. वर ‘यश’ आणि ‘अपयश’ बसले, की खाली ‘मान’ ठेवून शेजारी काय येईल ते शोधायचे.

सुताराने एक गोष्ट मुद्दाम केली. माझा कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला घट्ट बसतो. त्यामुळे चूक की बरोबर हे लाकूड सांगत नाही, ते ज्याने त्याने आपल्या कानांनी ठरवायचे. म्हणून बाईंनी झाकणाच्या आत ठळक अक्षरांत रीत लिहून ठेवली: ‘पहिल्याचे दुसरे होताना काय झाले, ते आधी मोठ्याने सांगा. मगच हात लावा.’

नऊ वर्षे मी त्या रितीने राबले. कँटीनमागच्या खोलीत दुपारच्या सुट्टीत वर्ग भरायचा. वॉर्डातल्या आया, स्वयंपाकघरातले आचारी, लिफ्टवाले, सगळे माझ्याभोवती कोंडाळे करून ओरडायचे. त्यातले कितीतरी जण परीक्षा देऊन वरच्या जागांवर गेले. मग बाई निवृत्त झाल्या आणि सर आले.

सर येताना एक जाडजूड वही घेऊन आले. तिच्यात सातशे जोड्या उत्तरांसकट लिहिलेल्या होत्या. “हे खेळणं इथं कशाला?” असे म्हणून त्यांनी मला भिंतीकडेच्या टेबलावर सरकवले आणि वर चहाचा थर्मास ठेवला. ज्या खोलीत आरडाओरडा चालायचा तिथे आता माना डोलवत पाठांतर सुरू झाले. दोन वर्षे माझ्या झाकणावर चहाचे गोल डाग पडत राहिले. राग आला का विचाराल, तर हो, खूप आला.

त्या पाठांतर करणाऱ्यांत एक होती इस्त्रीताई. लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, म्हणून सगळे तिला याच नावाने ओळखत. वीस वर्षे वाफेत उभी राहून तिची छाती भरून यायची. रेकॉर्ड रूममध्ये कारकुनाची जागा मिळाली तर बसून काम, मोकळी हवा. त्यासाठी खात्याची परीक्षा होती आणि तिच्यात समसंबंधाचे, म्हणजे अशाच जोड्या जुळवायचे, पंचवीस प्रश्न असत. सरांची वही घोकून ती दोनदा बसली आणि दोनदा आपटली. वहीतली जोडी जशीच्या तशी कधी आलीच नाही. आता तिला पंचेचाळिसावे लागले होते आणि पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर परीक्षेला बसता येत नव्हते. म्हणजे ही शेवटची संधी.

एका दुपारी टेबल पुसायला तिने थर्मास उचलला आणि सहज माझे झाकण उघडले. आतली रीत तिने दोनदा वाचली. मग शेजारी चपात्या खात बसलेल्या धाकट्या जावेला हाक मारली. दोघी जावा एकाच लाँड्रीत होत्या, एक इस्त्री करायची, दुसरी घड्या घालायची.

“अगं, हे बघ. सोय आणि गैरसोय. काय झालं?”

“पुढे गैर लागलं, ताई. आणि होतं नव्हतं ते बिघडलं.”

“मग समज?”

“गैरसमज! आपल्या सासूबाईंना रोज एक होतो तो.”

त्या दिवसापासून रोज अर्धा तास त्या माझ्यापाशी बसू लागल्या. चुका भरपूर झाल्या. इस्त्रीताईने एकदा ‘गैर’ला ‘झोप’ जोडली. तुकडे झकास बसले. जाऊ हसता हसता ठसकली. “गैरझोप! म्हणजे ड्यूटीवर काढलेली!” इस्त्रीताईने तुकडा उपसला, स्वतःशीच म्हटले, “कान नाही म्हणतोय,” आणि उजव्या कप्प्यातला हिरवा ‘आळू’ लावून ‘झोपाळू’ केले. मग कष्टाचे कष्टाळू, मायेचे मायाळू. हळूहळू ती तुकड्यांकडे न बघताच बोलू लागली. काय झाले ते आधी मोठ्याने, मग हात. चादरींवर इस्त्री फिरवतानाही तिची रीत चालू असायची.

आणि इथेच घात झाला.

परीक्षेला मी नव्हते. पुढचे मला कळले ते दुसऱ्या दिवशी, मळक्या चादरींच्या ढकलगाडीत. जावेने मला तळाशी लपवले होते आणि गाडी ढकलत ती वाटभर तणतणत होती. झाले होते असे: इस्त्रीताई पेपर सोडवताना सवयीप्रमाणे मोठ्याने रीत म्हणू लागली. “पुढचं बदललं, मागचं तेच राहिलं. म्हणजे उलटं झालं.” सगळा हॉल वळून बघू लागला. पर्यवेक्षक होते सर. त्यांनी ताडकन पेपर ओढून घेतला आणि शेरा मारला, ‘इतरांना उत्तरे सांगितली’. आता पेपर रद्द करायचा की नाही, याचा निकाल मुख्य परीक्षक मॅडम देणार होत्या.

जावेने गाडी थेट मॅडमच्या खोलीत घातली. सर आणि इस्त्रीताई तिथे आधीच हजर होते. जावेने चादरी बाजूला केल्या आणि मला टेबलावर ठेवले.

“हे काय?” मॅडमनी विचारले.

“साक्षीदार,” जाऊ म्हणाली.

सर हसले. “मॅडम, हे एक जुनं खेळणं आहे. मुद्दा साधा आहे. या बाई मोठ्याने उत्तरं सांगत होत्या. मागच्या तिघींनी ऐकली.”

“मी उत्तर नाही सांगितलं,” इस्त्रीताई म्हणाली. “मी रीत म्हणत होते. त्या तिघींना बोलवा आणि विचारा, एक तरी उत्तर ऐकलं का.”

तिघींना बोलावले. तिघींनी एकच सांगितले: पुढचं बदललं, मागचं राहिलं, उलटं झालं, एवढेच ऐकू आले. त्यातून कोणते उत्तर लिहायचे हे त्यांना कळले असते तर बरे झाले असते, असेही एक बोलली.

मॅडमनी माझे झाकण उघडले आणि आतली रीत वाचली. मग पुन्हा झाकण लावून म्हणाल्या, “ठीक आहे. मी नवीन प्रश्न विचारते. पेटी उघडी ठेवू?”

मित्रांनो, त्या क्षणी माझा एकेक तुकडा आतून उड्या मारत होता. मला वाटले, आता आपले काम लागणार.

“नको,” इस्त्रीताई म्हणाली. “बंदच राहू द्या.”

“सगुण, निर्गुण. तर सबळ?”

तिने डोळे मिटले. बोटे हवेत माझे तुकडे उचलत होती. “पुढचा ‘स’ काढला. तिथं ‘निर्’ बसवला. मूळ तेच राहिलं. होतं ते नाहीसं झालं. निर्बळ.”

मॅडम सरांकडे वळल्या. “तुमच्या वहीत आहे ही जोडी?”

सर पाने उलटू लागले. पुढे गेले, मागे आले, चष्मा पुसला. सातशे जोड्यांत ती नव्हती.

“आता हे सांगा,” मॅडम म्हणाल्या. “सावधचं बेसावध होतं. तसंच डूकचं बेडूक?”

जाऊ खुदकन हसली. इस्त्रीताई हसली नाही. “नाही, मॅडम. पुढचं काढलं की मागचं आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे. डूक नावाचं काही नसतंच. तो ‘बे’ बाहेरून आलेला नाही, तो घरचाच आहे.”

“पेपर तपासला जाईल,” मॅडमनी शेरा खोडला. “पण पुढच्या वेळी तोंड बंद ठेवून लिहायचं.”

“पुढची वेळ मला लागणार नाही,” इस्त्रीताई म्हणाली.

आणि नाही लागली. पंचवीसपैकी तेवीस! आज ती रेकॉर्ड रूममध्ये खिडकीशी बसते. सही करायला आलेल्या सरांना ती बसायला खुर्ची देते, कारण ती मनाने माझ्यापेक्षा मोठी आहे. मी दिली नसती.

निकालानंतर मला काचेच्या कपाटात ठेवायची टूम निघाली. खाली पाटी लावणार होते, ‘शैक्षणिक साधन, हात लावू नये’. ते ऐकून मला थर्माससुद्धा बरा वाटला. इस्त्रीताईने पाटी बघितली आणि मला उचलून वर्गात, मधल्या टेबलावर नेऊन आदळले. आता तिथे अकरा जण बसतात. जाऊ शिकवते, आणि आवाज जिन्यापर्यंत जातो.

तेव्हा मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला म्हणतील, आमची काळजी घ्या, आम्हाला जपा. मी म्हणते, मला मुळीच जपू नका. माझे तुकडे हाताळा, चुकीचे जोडा, उपसा, पुन्हा जोडा. एखादा हरवला तर पुठ्ठ्याचा कापून घ्या. आणि ज्या दिवशी तुम्हाला माझी गरज उरणार नाही, त्या दिवशी माझे झाकण खुशाल लावा आणि पुढच्या माणसाला हाक मारा. मॅडमच्या खोलीत मला बंद ठेवून इस्त्रीताई बोलली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा खरी कामाला आले.