गौडाची थाळी

पैज लागली ती चहा यायला उशीर झाला म्हणून. तेवढ्यात चहा आला असता तर तोंडं गप बसली असती.

दिवाळी होऊन गेलेली. मी आन् जालिंदर कोपऱ्यावरच्या टपरीवर उभारलेलो. समोरनं चनबसप्पा मामा येलालते. हातात बाजारची पिशवी, आन् पिशवीतनं भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं एक डोकं बाहेर. कुत्र्याचं पिल्लू. मामांच्या घरात आधीच दोन कुत्री. एक मंगळी, ती गॅसवाल्यापासनं चोरापर्यंत सगळ्यास्नी शेपूट हलवती. दुसरा गौडा. म्हातारा, काळा, थोराड. आमच्या शिवबाई मामी उन्हाळ्यात गेल्या, तवापासनं त्यानं शेपूट हलवल्यालं कुणी बघितलं न्हाई.

"संपलं बघ ते पिल्लू," जालिंदर म्हणला. "गौडा नाष्टा करतोय त्याचा."

हा जालिंदर चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायजर हाय. दिवसभर कामगारांच्या चुका काढतो, संध्याकाळी माझ्या. आन् मी शिवानंद, रिक्षावाला. जालिंदरच्या गाडीवर 'विकणे आहे' लिहून खाली त्याच्या सासऱ्याचा नंबर टाकला, तो मीच.

"संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रंच्या आत," मी म्हणलं, "गौडा त्याला आपल्या थाळीत जेवू घालतो. लावतो का पैज?"

"हरलास तर?"

"गळ्यात पट्टा, चार पायांवर, टपरीपासनं पाण्याच्या टाकीपर्यंत. भुंकत."

"साखळी?"

"जिंकलेल्याच्या हातात. आन् रविवारी सकाळी, सगळी गल्ली घरात असताना."

टपरीवाल्यानं दोघांचे हात एकमेकांत दिले, आन् मग कुटं चहा दिला.

पैज थाळीची, म्हणून मी सरळ थाळीलाच हात घातला. त्याच संध्याकाळी मामांच्या घरी गेलो. गौडाची एक जर्मनची थाळी हुती, कडा चेपलेली, मामींच्या हातची. त्यात दुधात भिजवलेली कडक भाकरी. गौडानं तोंड घातलं, तसं मी पिल्लू उचललं आन् शेजारी नेऊन ठेवलं. म्हणलं, आज उद्घाटनच करून टाकू.

गौडा भुंकला न्हाई, गुरगुरला न्हाई. मान वळवली, एकदाच. पिल्लू केकाटत खाटंखाली गेलं, तितंच मुतलं. कान फाटून लोंबलालता.

मामा ओरडतील असं वाटलं. त्यांनी कपाटातला पंचा काढला, पिल्लाला गुंडाळलं आन् म्हणले, "रिक्षा काढ."

दवाखान्यातनं टाके घालून येताना मामा मागच्या शिटावर गप. मला गप बसवत न्हाई. म्हणलं, "मामा, दोन हायत की घरात. हे तिसरं कशाला घेतलाव?"

"गौडाची किडनी गेलीया, शिवा. हितलाच डॉक्टर म्हणला. गड्डा बघंल का न्हाई सांगता येत न्हाई."

मी आरशातनं बघितलं. ते पिल्लाच्या कानाकडं बघत बोललालते.

"तुझी मामी पूजेला बसली की ही कुत्री उंबऱ्याभाईर बसायची. आत पाय न्हाई घालायचा. पूजा झाली की ती कानडीत 'बा' म्हणायची, ये म्हणून, मग ह्यांच्या कपाळाला विभूती. मग खाणं. आधी गौडा, मग मंगळी. गेटवर कवा भुंकायचं, कुणावर न्हाई, सगळं तिनं शिकवल्यालं. मी पहाटंच मागावर जायचो. तीस वर्षं चादरी विणल्या. घरात ती काय करती कवा बघितलंच न्हाई." मग म्हणले, "ती गेली. आता जे हाय ते गौडाच्या डोक्यात हाय. तो जायच्या आत ह्याच्या डोक्यात उतरलं पायजे. मंगळीचं काय, ती येडी हाय. मला तर काय येतच न्हाई."

मी रिक्षा चालवत राह्यलो. एवढ्या रस्त्यात एक पण विनोद सुचला न्हाई, हे माझ्या बायकोला सांगितलं तर ती ताप बघंल.

दुसऱ्या दिवशी जालिंदर कंपनीतल्या भंगारातनं लोखंडी जाळीचं एक दार घेऊन आला. म्हणला, "मी पैजंवर लक्ष ठेवायला आलोय. तू लबाडी करशील." आन् दार बसवायला लागला. जाळीच्या एका अंगाला पिल्लू, दुसऱ्या अंगाला गौडा. बघायचं, वास घ्यायचा, पण दात पोचायचा न्हाई. पिल्लाचं नाव ठेवलं शेंग्या.

मग रोजचं सुरू झालं. शेंग्याच्या खालचं पोतं गौडाच्या खाली टाकायचं, गौडाचं त्याच्या खाली. डॉक्टरनं सांगितल्यालं, आधी वास घरात जाऊ दे, मग कुत्रं. थाळ्या तिघांच्या तीन, तीन कोपऱ्यांत. एका थाळीत खायला लावणं म्हणजे भांडण विकत घेणं, असं पण तो म्हणला, तवा जालिंदर माझ्याकडं बघून असा हसला की मला त्याच्या सासऱ्याचा नंबर परत कुटंतरी लिहावा वाटला.

शेंग्याचे दात सुईवाणी. कुणाच्या पण टाचंला धरायचा. मंगळी येडी, पण ह्यात हुशार निघाली. खेळताना त्यानं जोरात धरलं की ती केकाटायची आन् पाठ करून बसायची. खेळ बंद. आठवडाभरात पोरगं दात आवरायला शिकलं. माझा जावई अजून शिकला न्हाई.

गौडा मातूर जाळीपलीकडनं बघायचा आन् गुरगुरायचा. एकदा मी दटावलं त्याला, "ए गप बे म्हाताऱ्या!"

"गुरगुरू दे," मामा म्हणले. "बोललालंय ते. बोलायचंच बंद केलं तर मागच्यासारखं सरळ चावंल."

घरात गौडाचं राज्य, म्हणून भाईर न्यायचं ठरलं. टाकीमागच्या मैदानात. गौडाला तेवढं पण चालवंना. मग तिन्ही कुत्री माझ्या रिक्षात, मधी मामा. माझी बायको दाक्षायणी गॅलरीतनं म्हणली, "आज तरी सवाऱ्या बऱ्या भेटल्या. ह्या मीटरवरनं भांडत न्हाईत." मैदानात गौडा पुढं, हळू. शेंग्या मागं, लांबनं. गौडा थांबला की तो थांबायचा. गौडानं खांब हुंगला की ह्यानं पण हुंगायचा. बघताना हसू यायचं, आन् मामांकडं बघितलं की थांबायचं.

एक दिवस मी म्हणलं, "मामा, सोपं करू की. मामींचं एखादं लुगडं शेंग्याखाली टाका. त्यांचा वास आला की गौडा लगीच जवळ घेईल. हाय काय न्हाय काय!"

मामांचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरलो.

"न धुतल्यालं एकच हाय," ते म्हणले. "आन् त्याला अजून किती फसवायचं? तिला आपल्या रीतीनं विमानात, सजवल्याल्या पालखीत, बसवून न्हेली आपण. तू खांदा दिलास. बसलेली हुती ती, फुलांत, कपाळाला विभूती. गौडानं बघितली तशी. आडवी न्हेली असती तर त्याला कळलं असतं. त्याला वाटतंय बसून गेली, म्हणजे कुटं गावाला गेली. येईल. रोज सकाळी देवघराच्या उंबऱ्याला जाऊन बसतोय."

मला हे म्हाईत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम गेलो. मामा आंघोळ करून देवघरात बसल्याले. मामींचा पाट शेजारी, मोकळा. त्यांचं गळ्यातलं इष्टलिंग त्यांच्यासंगं मातीत गेलं, पाट तेवढा राह्यला. आन् उंबऱ्याभाईर गौडा. पुढचे पाय जोडून, ताठ, नजर पाटावर. पाय थरथरलालते, पण बसला न्हाई असं न्हाई.

"तुमी लावा की त्याला विभूती," मी हळूच म्हणलं.

"लावली एकदा. पायानं पुसून टाकली."

त्या दिवशी जाळीचं दार मी उघडं ठेवलं. म्हणजे राह्यलं. शेंग्या तुरूतुरू आला आन् सरळ उंबऱ्यावरनं आत निघाला. गौडा गुरगुरला. बारीक, घशातल्या घशात. शेंग्या तितंच थिजला. आन् मग, एक पाय, दुसरा पाय, मागं आला. गौडाच्या शेजारी बसला. वाकडाच बसला, एका कुल्ल्यावर, फाटका कान खाली. गौडा पाटाकडं बघलालता, शेंग्या गौडाकडं.

मामांनी पूजा लवकर उरकली न्हाई. डोळं मिटून लई येळ बसले.

तवापासनं दार काढूनच टाकलं. शेंग्या गौडाची सावली झाला. दूधवाला आला की गौडा नुसतं डोकं उचलायचा, हा पण डोकं उचलायचा. अनोळखी आला की गौडा उभारायचा, हा त्याच्या पोटाखाली उभारायचा. दिवसागणिक शेंग्या वाढलालता आन् गौडा बरगड्या मोजाव्यात असा झालालता.

आन् गड्ड्याची पालं पडायला लागली, तवा ते झालं. जालिंदर कामावरनं येताना डोकावला हुता. मी गौडापुढं थाळी ठेवली. दूध-भाकरी. गौडानं वास घेतला. मान फिरवली. शेंग्या आपल्या कोपऱ्यातनं बघलालता. आला, थांबला, गौडाकडं बघितलं. गौडा गुरगुरला न्हाई. शेंग्यानं थाळीत तोंड घातलं.

"आयला!" जालिंदर ओरडला. "खाल्लं बे! त्याच्या थाळीत! हरलो, हरलो बे शिवा!" मोबाईल काढून त्यानं शूटिंग घेतलं. हरलाय आन् पेढे वाटल्यावाणी नाचलालाय. चांगलं हाय ते माणूस. फकस्त सांगायचं न्हाई त्याला.

मी हसलो न्हाई. मी गौडाच्या तोंडाकडं बघितलं. नाक कोरडं. डोळं उंबऱ्याकडं. मामा दारात उभारले हुते. त्यांनी पण तेच बघितलं. आमची नजरानजर झाली आन् दोघांनी पण खाली बघितलं.

त्यानंतर गौडानं थाळीला तोंड लावलं न्हाई. डॉक्टर घरी येऊन गेला, सलाईन लावलं, मामांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. तरी सकाळी गौडा उठायचा. भिंतीला घासत जायचा आन् उंबऱ्याभाईर बसायचा. शेवटी बसवंना झालं तवा तितंच आडवा झाला, तोंड पाटाकडं करून. शेंग्या त्याच्या अंगाला अंग लावून. मामांची पूजा चाललेली. पूजा झाली, मामा उठले, तवर गौडा संपला हुता.

टाकीमागच्या मैदानाच्या कडंला जालिंदरनं खड्डा खणला. कंपनीची ड्यूटी बुडवून. मामांनी घरातनं ते न धुतल्यालं लुगडं आणलं, इरकली, हिरव्या काठाचं. खड्ड्यात आंथरलं. गौडाचं नाक काठाला लागंल असं ठेवलं.

"आता भेटंल," म्हणले. आन् मातीची पहिली ओंजळ त्यांनी टाकली.

मंगळीनं माती हुंगली आन् लांब जाऊन बसली. ती येडी न्हाई, तवा कळलं.

रविवार आला. मी टपरीवर गेलो तर जालिंदर गळ्यात पट्टा घालून उभा. चट्ट्यापट्ट्याचा बनियन, खाली हाफ चड्डी. गल्लीतली पोरं जमल्याली. त्यानं साखळीचं टोक माझ्यापुढं धरलं.

"घे की. पैज म्हणजे पैज."

मी त्याच्या गळ्यातला पट्टा सोडला.

"हरलो मी," म्हणलं.

"काय बे? शूटिंग हाय माझ्याकडं!"

"पैज काय हुती? जेवू घालतो. गौडानं जेवू घातलं न्हाई, जाल्या. त्यानं थाळी सोडली. दोन्हीत फरक हाय."

 जालिंदरनं नाक ओढलं आन् पट्टा माझ्या गळ्यात बांधला. जरा घट्टच बांधला, सासऱ्याचं आठवलं असंल.

मी रस्त्यावर हात टेकले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. भुंकलो. आधी साधं, मग जालिंदरच्या मॅनेजरवाणी, मग आमच्या नगरसेवकावाणी, मत मागताना एक आन् निवडून आल्यावर एक. बायका गॅलरीत. दाक्षायणी ओरडली, "गुडघं फुटलं तर हळद मागायला घरात यायचं न्हाई! भाईरच बांधून घालीन!" गल्ली हसलालती. पोटभर हसलालती. मामी गेल्यापासनं असं हसणं ऐकलं नव्हतं.

मामांचं घर मधी लागतं. ते दारात उभारल्याले. आंघोळ झाल्याली, कपाळाला तीन पट्टे, हातात विभूती. हसलालते का, ते कळंना.

माझा आवाज ऐकून शेंग्या आतनं आला. म्हणलं, आता हा अंगावर उडी घेणार, माझा कान धरणार. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दाराच्या उंबऱ्याभाईर येऊन बसला. पुढचे पाय जोडून, ताठ. फाटका कान तेवढा खाली. नजर वर.

पोरांच्या शिट्ट्या थांबल्या. 

मामा खाली वाकले.  "बा," म्हणले. पहिल्यांदाच निघालं तोंडातनं. शेंग्या एक पाऊल पुढं सरकला. मामांनी अंगठ्यानं त्याच्या कपाळाला विभूती लावली. तो शिंकला. पाय उचलला, आन् परत खाली ठेवला. पुसली न्हाई.

मागनं मंगळी येऊन बसली. तिला लावली. मग मामांनी माझ्याकडं बघितलं. मी चार पायांवर, गळ्यात पट्टा, गुडघं सोलल्याले. त्यांनी उरल्याली विभूती माझ्या कपाळाला ओढली, पार भुवयांपर्यंत.

टाकी अजून लांब हुती. भुंकायला तोंड उघडलं तर आवाजच येईना.

जालिंदरनं साखळी ओढली न्हाई. खाली वाकून कानात म्हणला, "भुंक की बे. लोक बघलालेत."

मग भुंकलो.