पोपटासाठी जागा

हरिश्चंद्र तारकर्लीला कायमचा परत आला तो एकसष्ट सालच्या शिमग्याला. सगळं तरुणपण बोटीवर खलाशी म्हणून गेलेलं. दोन-तीन वर्षांतून एकदा महिनाभर घरी यायचा, कौलं चाळायचा, माडांची आळी नीट करायचा आणि पुन्हा मुंबईची वाट धरायचा. मूलबाळ झालं नाही. घरात त्याची बायको रुक्मिणी एकटीच असायची. एकटी म्हणजे ती आणि मनी.

मनी तांबूस रंगाची मांजर. कुणीतरी समुद्राच्या पुळणीवर टाकून दिलेलं पिल्लू रुक्मिणीने पदरात घालून आणलं होतं. रुक्मिणी मासे साफ करायला बसली की मनी शेजारी बसायची, पण दिल्याशिवाय तोंड लावायची नाही. हरिश्चंद्र पेटी घेऊन पडवीत शिरला, तेव्हा ती पाठ वाकवून त्याच्यावर फिस्कारली आणि माळ्यावर जाऊन बसली. तो हसला, पण त्याला ते लागलं.

घर त्याला फार गप्प वाटायचं. बोटीवर रात्रंदिवस इंजिनाची घरघर आणि माणसांची बडबड. इथे रुक्मिणी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. मनातलं काही बोलायची ते चुलीपाशी, मनीशी.

खारेपाटणला त्याचा जुना सोबती काशीराम राहायचा. त्याच्याकडे पोपटाचं पिल्लू होतं. "घेवन जा. बोलाक लागलो की घर भरलेला वाटता," काशीराम म्हणाला. पुढच्या खेपेला न्यायचं ठरवून हरिश्चंद्र घरी आला आणि कामाला लागला.

किती वर्षांत त्याने इतक्या हौसेने काही केलं नव्हतं. चिव्याचे बांबू आणून सळ्या तासल्या आणि पिंजरा विणला. दोर बांधायचं काम त्याला सुतारापेक्षा बरं जमायचं. पाण्याला करवंटी घासूनघासून गुळगुळीत केली. पडवीच्या वाशाला दोर लावला. धुराचा त्रास नको म्हणून चुलीकडच्या दाराला तट्ट्या मारल्या.

रुक्मिणी तांदूळ निवडता निवडता बघत होती. शेवटी म्हणाली, "सगळा झाला. आणि मनीचा काय करतलास?"

"बगूया गो."

"मांजराच्या घरात पोपट ऱ्हवता काय?"

तो वाशाचा दोर ओढून बघू लागला.

वैशाखात रुक्मिणी माहेरच्या लग्नाला गेली. त्या दुपारी त्याने बांगड्याचं डोकं दाखवून मनीला खाली बोलावलं. पहिल्यांदाच ती त्याच्या हातून खायला आली. त्याने तिला टोपलीत घालून वर गोणपाट बांधलं, होडीत बसला आणि खाडी ओलांडली. पलीकडच्या धक्क्यावर टोपली उघडली. मनी बाहेर आली, आजूबाजूला बघत राहिली. मग त्याच्याकडेच आली आणि पायाला अंग घासलं. इतक्या दिवसांत तिने हे कधी केलं नव्हतं. होडेकरी हाका मारत होता. हरिश्चंद्र होडीत चढला आणि मागे बघितलं नाही.

रुक्मिणी परत आल्यावर तो म्हणाला, "दोन दिस झाले, दिसाक नाय. खंय गेली काय म्हायत."

रुक्मिणी शेजारपाजारी विचारून आली. पुळणीवर होड्या ओढून ठेवतात तिथे बघून आली. मग रोज तिन्हीसांजेला माशाचं डोकं घेऊन ती कुंपणापाशी उभी राहायची, "मने, मने," म्हणून हाक मारायची आणि थोड्या वेळाने आत यायची.

पोपट आला. तिने त्याला पेरू कापून घातला, पाणी बदललं, कसलीच कसूर केली नाही. पण तिची हाक थांबली नाही. आषाढातल्या एका संध्याकाळी ती घोंगडीची खोळ घेऊन पावसात निघाली, तेव्हा हरिश्चंद्र उंबऱ्यात आडवा आला.

"जाव नको. ती येवची नाय. मीच सोडलंय तिका, खाडीपलीकडे."

रुक्मिणी खोळ तशीच डोक्यावर घेऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी बोटीर होतास तेवा ती होती. तुमी इलास म्हणान तिणा जावक व्हया होता काय?"

दुसऱ्याच दिवशी जाऊन आणावी, तर खाडीला पूर. होडी बंद. श्रावण सरेपर्यंत थांबावं लागलं. पाणी उतरलं तशी दोघं पहिल्या होडीने गेली.

धक्क्यावर गंगू नावाची मासळी विकणारी बाई बसली होती. रुक्मिणीने विचारताच ती म्हणाली, "तांबडी मांजर मां? हय्यंच बसलेली आसायची. होडी लागली की उठान जायची, उतरणाऱ्या एकेकाक हुंगायची आणि परत येवन बसायची. मी घराक नेलंय, तर पळान हय इली. पावस लागलो तसा होडी बंद झाली. मगे काय ती दिसाक नाय."

रुक्मिणी धक्क्याच्या दगडावर बसली. हरिश्चंद्र वाडीत घरोघर हिंडला, माडांच्या बुंध्याशी, पडक्या छपराखाली वाकून बघितलं. कुत्री मागे लागली. परतीची होडी भरली तेव्हा त्याचं धोतर चिखलाने माखलं होतं.

"पुढच्या आयतवारी परत येवया," तो म्हणाला.

"येवया," रुक्मिणी म्हणाली.

रुक्मिणी पुन्हा तिथे गेली नाही. तो मात्र जात राहिला, कधी नारळाच्या निमित्ताने, कधी विनाकारण. रुक्मिणीने त्याला त्या दिवसानंतर एका शब्दानेही दोष दिला नाही. जेवण वेळेवर वाढलं, ताप आला तेव्हा उशाशी बसली. तिने भांडावं असं त्याला फार वाटायचं.

पोपट बोलायला शिकला नाही. शिकवायला त्याच्यासमोर कुणी बसलंच नाही. पुढच्या शिमग्याला शेजारची सुभद्रा मांजरीचं पिल्लू घेऊन आली. हरिश्चंद्र लगेच उठला, कपाटामागची जागा झाडू लागला, जुनी लुंगी दुमडून अंथरली, पिंजरा उंच टांगायला दोर शोधू लागला.

रुक्मिणीने पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते सुभद्रेच्या ओटीत परत ठेवलं.

"नको गो," ती म्हणाली. "ह्यांका परत कामाक लावू नको."