दोन छटा उजळ

मी पावडरची डबी बोलतेय. चपटी, पितळी, तळहातावर मावणारी. आत आरसा, पावडर आणि मऊ पफ. या घरात माझी मालकीण प्रमिला हिच्याखालोखाल मीच वयाने मोठी. तरी मोठ्यांची बाजू घेणार नाही. त्यांचे उद्योग मी फार जवळून पाहिलेत.

१९५८ साली मला प्रमिलाच्या काकूने मुंबईत विकत घेतलं. एडनला नोकरी करणाऱ्या एका मुलाकडे लग्नासाठी प्रमिलाचा फोटो पाठवायचा होता. दुकानात पावडर दोनच रंगांत होती, गोरी आणि त्याहून गोरी. काकूने दुसरी उचलली. आधी चेहऱ्यावर स्नो चोळला, त्या वेळचं ते पांढरं क्रीम. त्यावर माझी पावडर थापली, भुवया पेन्सिलीने कमानदार केल्या. मान पदराने झाकली. फोटो पसंत पडला. मुलगी नाही, फोटो.

लग्नानंतर सासू एकदाच म्हणाली, “फोटोत एक आणि घरात एक.” त्या एका वाक्यावर प्रमिलाने आयुष्य काढलं. रोज सगळ्यांच्या आधी उठायची. स्नो, पावडर, मग चहा. मी रिकामी झाले की नवी पावडर भरायची, रंग तोच. तिचा धुतलेला चेहरा ना नवऱ्याने पाहिला, ना मुलाने. लोक याला टापटीप म्हणायचे. मला उघडण्याआधी ती रोज दाराची कडी दोनदा तपासायची.

आणि तीही काही कमी नव्हती. सून मैथिली घरात आली, तेव्हा पहिल्याच दिवाळीला तिच्या हातात स्नोची बाटली ठेवली.

आता आम्ही दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस वस्तीत, अकराव्या मजल्यावर, प्रमिलाचा मुलगा चारुदत्त याच्याकडे राहतो. त्याच्या मुलीने, शुभ्राने, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि मेकअप शिकली. चारुदत्तने बजावलं, “या महिन्यात काम मिळालं तर ठीक. नाहीतर पुण्याला हॉस्टेल, परत कॉलेज. खलास.”

दुबईच्याच करामा भागातल्या नौशीनच्या सलूनमध्ये शुभ्राची ट्रायल ठरली. वयस्कर बाईचा मेकअप करून दाखवायचा. पण आधी तोच चेहरा धुऊन त्याचा फोटो घ्यायचा. प्रमिला मला पर्समध्ये घालून ऐटीत निघाली. खुर्चीत बसल्यावर फोटोचं कळलं, आणि आखडली.

“धुतलेल्या तोंडाचा फोटो? जमणार नाही. मी माझी पावडर लावते, तू वरून काय ते कर.”

“आजी, तो रंग तुझा नाहीये. इट्स नॉट यू.”

“सदुसष्ट वर्षं मीच आहे ती.”

“मग मी पुण्याची बॅग भरते. आणि एक सांग, तुला आता पसंत करायचं कोण राहिलंय?”

“अरे, आंटी से ऐसे बात करते हैं?” नौशीन म्हणाली.

शुभ्राने माफी मागितली नाही. तिने ती मागावी असं मलाही वाटलं नाही.

प्रमिला बराच वेळ माझ्या आरशात बघत राहिली. मग मला मिटून म्हणाली, “पाणी कोमट आहे का?”

ती तोंड धुऊन आली. तांबूस सावळा चेहरा, गालावर घरात कोणालाच ठाऊक नसलेला तीळ. शुभ्राने फोटो घेतला. मग त्याच रंगाचा मेकअप बोटांनी हलके हलके बसवला. तीळ तसाच ठेवला. नौशीनने जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

“शनिवार से आ जाओ. यल्ला, चलो, ब्रश धो डालो.”

तेवढ्यात चारुदत्त न्यायला आला आणि दारातच थबकला.

“आई, बरं नाहीये का? चेहरा असा का काळवंडलाय? डॉक्टरकडे जाऊ या?”

सत्तावन्न वर्षांचा मुलगा हे विचारत होता.

“बरी आहे,” प्रमिला म्हणाली. “ये, उजेडात ये आणि नीट बघ. लहानपणी रडत विचारायचास ना, मी असा सावळा कोणावर गेलोय म्हणून?”

चारुदत्त उजेडात आला. आईसमोरच्या स्टुलावर बसला आणि बघत राहिला.

तेव्हापासून मला कोणी उघडलेलं नाही. आतली पावडर कडक होत चाललीय. शुभ्रा म्हणते, जुनी वस्तू म्हणून सलूनच्या काचेच्या कपाटात ठेवीन. ठेव बाई. पण मला बघून कोणी म्हणालं, पूर्वीच्या बायका किती टापटीप राहायच्या, तर गप्प बसू नकोस. सांग, त्या घाबरलेल्या होत्या.